मोड लांबच का येतो?

मटकीचा दाणा भिजला की टम्म फुगतो, गोलच्या गोल. मग त्यातून निघणारा मोड तेवढा लांब का? तोही पाणी पिऊनच वाढतो ना? उसळ निवडता निवडता हा प्रश्न डोक्यात शिरला आणि उसळ खाऊन झाली तरी निघेना.

मोड म्हणजे आधी बाहेर येणारं मूळ. एका रात्रीत ते वाढतं ते बरंचसं टोकामागच्या पेशी लांबल्यामुळे. पेशीत पाणी शिरतं, आतला दाब हवेच्या दाबाच्या कित्येक पट होतो. पण दाब चहूकडे सारखाच रेटतो, त्याला लांबी-रुंदी कळत नाही. दिशा ठरते ती पेशीच्या भिंतीत. तिथे सेल्युलोजचे चिवट तंतू आडवे गुंडाळलेले असतात. फुग्यावर एकाला एक लागून रबरबँड चढवा आणि फुंकून बघा: कंबर सुटायची सोय नाही, म्हणून फुगा लांबतो.

पण हे तंतू आडवेच गुंडाळायला सांगतं कोण? १९६२ मध्ये पॉल ग्रीन यांनी नायटेला नावाच्या गोड्या पाण्यातल्या शैवालाच्या पेशींना कॉल्चिसिन नावाचं विष दिलं. पेशी लांबायच्या सोडून गोल फुगायला लागल्या. पेशी दुभंगताना जे धागे दिसतात ते कॉल्चिसिनने मोडतात, एवढं तेव्हा ठाऊक होतं. ग्रीन यांनी ताडलं की त्याच जातीचं काहीतरी भिंतीलगतही असणार. आणि १९६३ मध्ये लेडबेटर आणि पोर्टर यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसलंच! जेमतेम २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या, भिंतीतल्या तंतूंना समांतर. न बघता असा नेमका अंदाज बांधणाऱ्या माणसाचा मला हेवा वाटतो. (कॉल्चिसिन आपल्याला तसं परकं नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळी फुलणारी कळलावी आठवा. तिच्या कंदात आणि बियांत हेच विष.)

या सूक्ष्मनलिकांना पेशीचा सांगाडा म्हणतात खरं, पण हा सांगाडा मिनिटभर स्वस्थ बसत नाही. एका टोकाला जुळतो, दुसऱ्या टोकाला सुटतो. २००६ मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात चमकणारी प्रथिनं जोडून हा कारभार जिवंतपणी पाहिला गेला. सेल्युलोज विणणारी यंत्रणा पेशीच्या पटलात या नळ्यांच्या मार्गाने सरकते, मागे तंतू सोडत. वेग मिनिटाला साधारण ३०० नॅनोमीटर.

नळ्या वळल्या की आकार वळतो. १९०१ मध्ये रशियात नेल्युबोव्ह यांच्या प्रयोगशाळेत अंधारात वाढवलेली वाटाण्याची रोपं आखूड, जाड होऊन आडवी पसरत होती. दोष निघाला दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनचा. इथिलीनमुळे नळ्या आडव्याच्या उभ्या होतात, नवे तंतूही उभे पडतात आणि पेशीची कंबर सुटते, हे कळायला पुढे कित्येक दशकं गेली.

कोवळा मोड दाबला गेला तर हे इथिलीन तो स्वतःच तयार करतो. चायनीजमध्ये येणारे ते पांढरे, गुबगुबीत मुगाचे मोड वाढवताना म्हणूनच वर वजन ठेवतात. दिसतात झकास, चवीला मात्र नुसतं पाणी.