पाण्याचा एवढा मोठा बोगदा खणला, मग आमच्या नळाला प्रेशर का नाही?

मी मुंबईत पाणीखात्यात नोकरी केली हे आमच्या चेंबूरच्या सोसायटीत सगळ्यांना माहितेय, त्यामुळे लिफ्टमध्ये, लग्नात, एकदा तर कुणाच्या तेराव्याला सुद्धा हा प्रश्न आलाय. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी, बोगदाच कशाला, जुनी पाइप काढा नि नवी टाका की. काढायची कशी? तानसा तलावाचं पाणी १८९२ पासून मुंबईत येतंय, त्या लाइनी कितीही म्हाताऱ्या झाल्या तरी नवी सुरू होईपर्यंत जुनी बंद करता येत नाही, म्हणजे नवीला वेगळी जागा हवी, आणि रस्त्याखाली गॅस, केबल, गटार, आता मेट्रो, जागा आहे कुठे? जमिनीवर म्हणाल तर पाइपलाइनीच्या दोन्ही बाजूंनी वस्ती झाली, मग हायकोर्टाने दहा-दहा मीटर जागा मोकळी करायला लावली आणि त्यातल्या बऱ्याच कुटुंबांना माहुलला रिफायनऱ्यांच्या शेजारी नेऊन टाकलं. त्यावर किती आंदोलनं झाली ते तुम्ही पेपरात वाचलंय. मला विचाराल तर पाइप वाचली पण माणसांचं काय केलं, हे मला आजही पटत नाही.

म्हणून खाली जायचं. आपल्या अमर महलजवळ हेडगेवार उद्यानात जो शाफ्ट, म्हणजे उभी खोल विहीर, खणला, तिथून एक बोगदा वडाळ्यावरून परळला जातो, ९.७ किमी, दुसरा ट्रॉम्बेकडे, साडेपाच किमी. शंभर मीटरच्या आसपास खोल, बहुतेक कडक पाषाण, वर बस चालली काय नि मिरवणूक निघाली काय, खाली टीबीएमला, म्हणजे बोगदा खणणाऱ्या यंत्राला, फरक पडत नाही. आत काँक्रीटचं अस्तर, वस्तीत जोड नाहीत, मधेच भोक पाडून कनेक्शन घेणारा कुणी नाही, त्यामुळे गळती आणि चोरी दोन्ही कमी.

इथे हमखास कुणीतरी विचारतं, साहेब शंभर मीटर खालून पाणी वर ओढायला केवढा पंप लागत असेल! पंप लागतच नाही हो. गवंडी लेव्हल बघायला पारदर्शक नळीत पाणी भरतो ना, नळी मधे जमिनीवर लोळत असली तरी दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला येतं, तेच हे. शहराला पाणी पुरवणारी भांडुपची मुख्य टाकी उंचावर आहे, तिच्याच जोरावर दुसऱ्या शाफ्टमधून पाणी आपणहून वर येतं, वाटेत घर्षणात जरा उंची जाते एवढंच. माझा नातू ही नळी घेऊन गॅलरीत तासभर खेळला आणि शेवटी सगळं पाणी खालच्या काकूंच्या पापडांवर गेलं, ते असो.

पण बोगद्याची एक गोची आहे. पाइप दिसते तरी, बोगदा कुणालाच दिसत नाही. ठाण्यात कुणीतरी बोअर मारली आणि ती थेट भांडुपला पाणी आणणाऱ्या बोगद्यात घुसली. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून मुंबईला ३० दिवसांची १५ टक्के पाणीकपात जाहीर झाली, उन्हाळ्याच्या तोंडावर! त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर अंधेरीत सीप्झजवळ मेट्रोच्या कामात १८०० मिलिमीटरची पाइप फुटली, तिथेही भयंकर हाल झाले, पण ते काम पन्नासेक तासांत उरकलं. पाइपला वरून खड्डा करून वेल्डर उतरवता येतो, बोगदा आधी रिकामा करावा लागतो, मग त्यात माणूस उतरतो. तरीही मी बोगद्याच्याच बाजूचा आहे, फक्त कुठेही बोअर मारायच्या आधी खाली काय आहे हे बघायची सक्ती कडक हवी.

आता तुमचा नळ. बोगदा पाणी आणून टाकतो ते टेकडीवरच्या मोठ्या टाकीत. तिथून तुमच्या गल्लीत येते ती बारकी जुनी लाइन, आतून गंजून निम्मी झालेली, आणि पाणी सुटतं ते चावीवाल्याने व्हॉल्व्ह फिरवला की, ठरलेल्या वेळेपुरतं. त्या वेळात आजूबाजूच्या चार बिल्डिंगा पंप लावून लाइनीतनं पाणी ओढतात, मग तुमच्या खालच्या टाकीत येणार काय. बोगद्यामुळे टेकडीवरची टाकी नीट भरेल, पण तुमच्या गल्लीतली लाइन बदलणं हे वेगळंच काम आहे, त्यासाठी रस्ता खोदावा लागतो, आणि आमच्याच गल्लीत मागच्या वेळी खोदायला माणसं आली तेव्हा सगळ्यात आधी भांडायला खाली कोण उतरलं होतं? प्रेशरचं विचारणारे तिसऱ्या मजल्यावरचे काकाच. म्हणे आत्ताच डांबर टाकलंय.