तोच गेम पुन्हा विकत का घेता?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. म्हापशाच्या बाजारापासून थोड्या अंतरावर माझे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे, आणि जुन्या रोल-प्लेइंग गेमांचा, म्हणजे एखादे पात्र होऊन त्याची गोष्ट खेळायच्या गेमांचा, मला नाद आहे हे गिऱ्हाइकांपासून भाच्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे एकच प्रश्न मला निरनिराळ्या तोंडांतून ऐकावा लागतो: पंचवीस वर्षांपूर्वी पैसे मोजून घेतलेला गेम नव्या संगणकासाठी पुन्हा पैसे मोजून का घ्यायचा? भाचा हेच जरा उद्धटपणे विचारतो. "मामा, फाइली त्याच ना? कॉपी करायच्या आणि चालवायच्या." फाइली त्याच असतात, हे खरे आहे. पण चालवायच्या म्हटले की तिथेच घोडे पेंड खाते.

गेल्या पावसाळ्यात बोटीवर नोकरी करणारे एक ओळखीचे गृहस्थ सुट्टीवर आले असताना प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक जाड खोका घेऊन दुकानात आले. आत 'बाल्डर्स गेट'च्या पाच सीडी होत्या. १९९८ च्या डिसेंबरात निघालेला हा गेम त्यांनी तरुणपणी कुठल्याशा परदेशी बंदरात घेतला होता, आणि तो नव्या लॅपटॉपवर घालून द्या, एवढीच त्यांची मागणी होती. लॅपटॉपला सीडीचा खण नव्हता, ती अडचण यूएसबीच्या ड्राइव्हने सुटली. पण एकेक सीडी उजेडात धरून पाहू लागलो तेव्हा तिसरीच्या कडेकडून आत शिरलेली बुरशी दिसली. केसाहून बारीक फांद्या पसरल्या होत्या आणि त्या फांद्यांमधून ट्यूबलाइटचा उजेड आरपार येत होता, म्हणजे चंदेरी थर तेवढ्यापुरता खाऊन झाला होता. गोव्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याचे आणि कॅमेऱ्याच्या भिंगाचे जे होते, तेच सीडीचेही होते. ड्राइव्ह दहा मिनिटे कण्हत राहिला आणि मग गप्प झाला.

पाचही सीडी धडधाकट असत्या तरी प्रश्न संपला नसता. हा गेम ६४० बाय ४८० ठिपक्यांच्या पडद्यासाठी रचलेला आहे. आजच्या पडद्यावर ते चित्र एक तर ताणून धूसर होते किंवा मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढे उरते. गेममधले घड्याळ सेकंदाला ३० चौकटींच्या (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांच्या) चालीला बांधलेले आहे, त्यामुळे चौकटी वाढवल्या की माणसेच धावू लागतात. त्याहून जुन्या गेमांची गोष्ट आणखी बिकट आहे. १९९२ चा 'अल्टिमा ७' घ्या. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीतल्या ६४० किलोबाइट मेमरीच्या मर्यादेत तो मावत नव्हता म्हणून तो करणाऱ्यांनी मेमरी हाताळण्याची स्वतःचीच पद्धत लिहिली आणि तिचे नाव 'वूडू' ठेवले. ती पद्धत त्या काळच्या नेहमीच्या मेमरी मॅनेजरशीसुद्धा जुळवून घेत नसे. एवढ्या एका गेमासाठी संगणक सुरू करायची वेगळी बूट फ्लॉपी बनवून ठेवण्याचा उद्योग मी स्वतः केलेला आहे. पुढच्या विंडोजपुढे अशा गेमाचा काय पाड लागणार? डिस्कवर असतो तो अर्धाच गेम. उरलेला अर्धा त्या काळच्या यंत्रात असतो, आणि ते यंत्र आपण केव्हाच भंगारात दिलेले असते. २००२ साली निघालेला 'डॉसबॉक्स' हा इम्युलेटर ते यंत्रच सॉफ्टवेअरच्या रूपाने पुन्हा उभे करतो. पुन्हा विकत घेताना आपण मोजतो ते पुष्कळदा या उरलेल्या अर्ध्याचे पैसे असतात.

यातला सगळ्यात चीड आणणारा भाग चोरी रोखणाऱ्या कुलपांचा आहे. 'सेफडिस्क' नावाचे कुलूप डिस्क अस्सल आहे की नाही ते विंडोजमधल्या एका ड्रायव्हरकरवी तपासत असे. तो ड्रायव्हर सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचा ठरल्यामुळे मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या विंडोज १० मधून तो वगळला, आणि परिणाम असा झाला, की ज्याने अस्सल डिस्क घेतली त्याचा गेम बंद पडला व ज्याने कुलूप फोडलेली प्रत घेतली त्याचा चालत राहिला. २००० च्या सुमारास आम्ही कुठल्या प्रती घेत होतो हे मी इथे सांगत नाही; जाणकारांनी ओळखावे. पोलंडमध्येही तेव्हा तीच स्थिती होती. सीडी प्रोजेक्ट या तिथल्या कंपनीने १९९९ साली 'बाल्डर्स गेट' पोलिश भाषेत आणला, नावाजलेल्या नटांचे आवाज घेतले आणि चोरीच्या सीडीतून मिळणार नाहीत अशा वस्तू खोक्यात घालून तो खपवला. त्याच कंपनीने २००८ साली 'गुड ओल्ड गेम्स' हे दुकान काढले, जे आज जीओजी या नावाने चालते. तिथे जुने गेम कुलपाशिवाय मिळतात आणि आजच्या यंत्रावर चालण्याइतपत डागडुजी केलेले असतात. चोरबाजाराला तोंड देत वाढलेल्या माणसांनी कुलूपच काढून टाकावे, याचे मला आजही कौतुक वाटते.

आता नव्याने करण्याकडे वळतो, कारण लोकांचा दुसरा आक्षेप तिथे असतो: एवढे पैसे घेता तर चित्रे तरी नवी का नाहीत? 'बाल्डर्स गेट'ची एन्हान्स्ड एडिशन, म्हणजे सुधारलेली आवृत्ती, २०१२ साली बीमडॉग कंपनीने काढली. ट्रेंट ऑस्टर हे तिचे एक संस्थापक, आणि ते मूळ गेम करणाऱ्या बायोवेअरच्या संस्थापकांपैकीही एक. या गेममधली प्रत्येक जागा आधी त्रिमितीत रचून मग तिचे सपाट चित्र काढलेले होते; त्या मूळ रचना हाती असत्या तर त्याच जागांची हवी तेवढी मोठी चित्रे नव्याने काढता आली असती. त्या रचना सापडल्याच नाहीत. म्हणून जुनीच चित्रे ठेवून ती लहान-मोठी करून पाहण्याची सोय देण्यावर भागवावे लागले. 'आइसविंड डेल २' च्या बाबतीत तर सोर्स कोडच, म्हणजे गेम ज्यातून बनतो तो मूळ मजकूरच, हरवला, आणि त्याची एन्हान्स्ड एडिशन त्यांना काढता आली नाही. १९९७ च्या 'फॉलआउट'चे कर्ते टिम केन यांनी २०२५ मध्ये सांगितले, की कंपनी सोडताना स्वतःजवळची सगळी सामग्री नष्ट करण्याचा हुकूम त्यांना मिळाला होता आणि त्यांनी तो पाळला. त्यानंतर त्याच कंपनीच्या एक संस्थापक रिबेका हाइनमन यांनी कोडची एक प्रत आपण जपून ठेवली असल्याचे उघड केले. एका व्यक्तीच्या साठवून ठेवण्याच्या सवयीवर एवढे अवलंबून असावे, हे वाचून मी त्या रात्री माझ्या दुकानातल्या जुन्या हार्ड डिस्कवर चिठ्ठ्या चिकटवत बसलो होतो.

काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, यावर मात्र माझी मते ठाम आहेत. आमच्याकडे देवळाच्या उत्सवात जुनी संगीत नाटके अजून होतात. पूर्वी रात्रभर चालणारे नाटक आता तीन तासांत बसवावे लागते, आणि कुठले पद गाळायचे यावरून तालमीत जी भांडणे होतात ती मी लहानपणापासून पाहत आलो आहे. कापणाऱ्याला नाटक पाठ असेल तर प्रेक्षकाला कात्री जाणवत नाही. 'बाल्डर्स गेट'च्या एन्हान्स्ड एडिशनमध्ये दुसऱ्या भागातल्या सोयी पहिल्या भागात आणल्या, ते मला पटले. पण नीरा, डॉर्न आणि रसाद हे नायकाबरोबर फिरणारे नवे सोबती घातले, ते काही केल्या जुन्या मंडळीत मिसळत नाहीत. इतर सोबती चार वाक्ये बोलून गप्प बसतात, आणि ही मंडळी थांबायचे नावच घेत नाहीत. याउलट १९८१ च्या 'विझर्ड्री'चे डिजिटल इक्लिप्स कंपनीने २०२४ साली पूर्ण केलेले रूप पाहा. ॲपल टू या जुन्या संगणकावरच्या मूळ कोडच्या पायावर नवी चित्रे उभी केली आहेत, आणि हवे असेल तर पडद्याच्या कोपऱ्यात तो जुना रेषांचा पडदा त्याच वेळी चालताना दिसतो. नव्या भुयारात आपण एक पाऊल टाकले की कोपऱ्यातल्या रेषाही एक पाऊल सरकतात. ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी दुकानाचे शटर अर्धे ओढून घेतले होते. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'ला २०२५ मध्ये पूर्णपणे नवा चेहरा मिळाला, पण आतले यंत्र जुनेच राहिले, आणि मूळ ध्वनिमुद्रणात एका कलावतीचे वाक्य चुकून तिने ते पुन्हा घेतल्याचा जो तुकडा राहून गेला होता, तोही तसाच ठेवला आहे. हे शहाणपणाचे काम आहे.

प्रत्येक वेळी पैसे मोजावेच लागतात असेही नाही. १९९६ चा 'डॅगरफॉल' त्याच्या मालकांनी २००९ पासून फुकट दिला आहे, आणि चाहत्यांनी युनिटी या गेम बनवण्याच्या आजच्या सॉफ्टवेअरवर नव्याने उभारलेले त्याचे रूपही फुकट आहे. मूळ गेम विक्रीतून काढून घेऊन फक्त नवा गळ्यात मारणाऱ्यांकडून मी काही घेत नाही. पण व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्धच नाहीत, आणि हा आकडा डोळ्यांसमोर असल्यावर जो कुणी एखादा गेम चालता करून देतो त्याच्याशी दोनचारशे रुपयांसाठी घासाघीस करण्याचे माझ्या मनात येत नाही.

त्या गृहस्थांना मी हे सगळे सांगितले नाही. गिऱ्हाईक पळून गेले असते. त्यांच्याच नावाने जीओजीवर खाते उघडून गेम घेतला, आणि बोटीवर इंटरनेटचा भरवसा नसतो म्हणून पूर्ण इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर उतरवून दिला. तो चालवायला कुठल्याही खात्यात शिरावे लागत नाही. सीडी त्यांनी माझ्याकडेच ठेवल्या. खोक्यातले जाड पुस्तक मात्र परत घेतले, कारण त्यात त्यांनी मंत्रांच्या यादीपुढे पेन्सिलने खुणा करून ठेवल्या होत्या. दीड महिन्याने कुठल्याशा बंदरातून त्यांचा निरोप आला: नाश्केलच्या खाणीपर्यंत पोहोचलो आहे, इमोएन, खालिद आणि जाहिरा हे जुने सोबती बरोबर आहेत. बेरेगॉस्टमध्ये नीरा भेटली होती, तिला तिथेच सोडून पुढे आलो.