फाईल तीच, तडा मात्र दर वेळी वेगळ्या जागी

"अँटेनाचं सोल्डरिंग कच्चं आहे," असं सरांनी तिच्या प्रोजेक्टच्या वहीत लाल पेनाने लिहिलं, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मला तेव्हाच शंका आली होती. पण बोललो नाही. गोष्ट २०२३ची आहे, आणि अजून डोक्यातून गेलेली नाही.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत लॅब असिस्टंट आहे. शेवटच्या वर्षाच्या त्या मुलीने प्रोजेक्ट घेतला होता हवामान उपग्रहाचं चित्र थेट गच्चीवरून पकडण्याचा. नोआ-१९ हा उपग्रह तेव्हा १३७.१०० मेगाहर्ट्झवर अखंड चित्र पाठवायचा, आणि ते चित्र चक्क आवाजाच्या रूपात यायचं. २४०० हर्ट्झचा एक सूर, त्याचा जोर वाढला की पांढरं, उतरला की काळं. सेकंदाला दोन ओळी, एका ओळीत २०८० ठिपके. कानाला ते घड्याळाच्या टिकटिकीसारखं लागतं. माझ्या लेखी आमच्या लॅबमध्ये झालेला हा सगळ्यात सुंदर प्रयोग होता.

अँटेना तिने स्वतः केला होता. ॲल्युमिनियमच्या दोन काड्या, प्रत्येकी ५३.४ सेंटिमीटर, मध्ये १२० अंशांचा कोन. खाली आरटीएल-एसडीआरचं डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, आणि संगणकावर तो चालवणारा प्रोग्रॅम एसडीआर शार्प. इथपर्यंत सगळ्यांना समजतं. खरी अडचण पुढच्या दोन वितीत असते. एसडीआर शार्पमधून निघालेला आवाज चित्र काढणाऱ्या डब्ल्यूएक्सटूइमेजपर्यंत न्यायचा कसा? त्यासाठी व्हर्च्युअल केबल नावाचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. त्यात आवाज जिथे सोडायचा त्याचं नाव 'केबल इनपुट', आणि जिथून घ्यायचा त्याचं 'केबल आउटपुट'. विंडोजच्या स्पीकरच्या यादीत 'इनपुट' दिसतं आणि माइकच्या यादीत 'आउटपुट'. पहिल्यांदा बसणारा प्रत्येक जण इथे गोंधळतो, त्यात त्याचा काही दोष नाही. शिवाय २०१८च्या एका अपडेटपासून विंडोज १० मध्ये माइकची परवानगी बंद असेल तर चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमला नुसती शांतता मिळते, आणि चूक कुठे आहे ते कोणीच सांगत नाही. त्यातून विंडोजचा स्वतःचा आवाज त्याच वाटेने सोडलेला असला, तर सूचनेची 'टिंग' वाजल्याबरोबर चित्रावर आडवा ओरखडा उठतो. हे सगळं मी तिला आधीच नीट लावून दिलं होतं.

तरी चित्र तुटत होतं.

कोकणकिनारा छान दिसायचा आणि मधेच सगळं चित्र बोटभर बाजूला सरकायचं. पुन्हा थोडं नीट, पुन्हा सरकलेलं. उपग्रह आकाशातून जातो त्या बारा मिनिटांच्या एका फेरीत असे सात-आठ तडे. सरांनी ते पाहून अँटेनाला दोष दिला. तिने अँटेना उकलून पुन्हा केला. नवी कोॲक्स केबल स्वतःच्या पैशांनी आणली. तडे तसेच. तिसऱ्यांदा केला. तिसऱ्या वेळी ती मला म्हणाली, "काका, माझा अँटेना चुकलेला नाहीये हो." तिच्या बोटांवर सोल्डरिंगचे दोन चटके होते.

अँटेना कमी पडला तर चित्रात मुंग्या येतात. करड्या ठिपक्यांचा पट्टा हळूहळू दाट होतो, हळूहळू विरळ. इथे मुंग्या नव्हत्या. सरकलेला भागही लख्ख होता, ढगाची कड न कड दिसत होती. वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या आलेखावर, सिग्नलची रेघ जाड आणि ठसठशीत होती. सिग्नल चांगला, पण त्याची वेळ चुकतेय, एवढं त्या चित्रात उघड लिहिलेलं होतं. सरांना ते दिसलं नाही, कारण त्यांनी चित्र फक्त छापील अहवालात पाहिलं, फेरी चालू असताना गच्चीवर किंवा लॅबमध्ये कोणी आलंच नाही.

मग हिशेब मांडला. सेकंदाला ४१६० ठिपके, म्हणजे आवाजातले पाच मिलिसेकंद गळले की चित्र सुमारे २१ ठिपके सरकणार. त्या सततच्या सुरात पाच मिलिसेकंदांची फट माझ्या कानाने पकडली नव्हती. मी स्वतः हेडफोन लावून दोन फेऱ्या ऐकल्या होत्या आणि "आवाज स्वच्छ आहे" असं सांगितलं होतं. त्या माझ्या शब्दामुळे अँटेनावरचा संशय आणखी पक्का झाला.

पुढच्या फेरीला मी आवाज बाजूला ठेवला आणि डोंगलमधून येणारा कच्चा सिग्नलच नोंदवून घेतला. सेकंदाला १.०२४ मेगासॅम्पल, ८ बिट, बारा मिनिटं, जवळजवळ दीड जीबीची एकच फाईल. आता उपग्रह नको, गच्ची नको, अँटेनाही नको. ती फाईल एसडीआर शार्पमध्ये लावली आणि चित्र काढलं. तडे आले. तीच फाईल पुन्हा लावली. तडे पुन्हा आले, पण दुसऱ्याच ओळींवर. तिसऱ्यांदा तिसरीकडे. अँटेनातली चूक फाईलमध्ये गोठलेली असती आणि दर वेळी त्याच ओळीवर दिसली असती. ती माझ्या शेजारी बसली होती. तिसरं चित्र उमटल्यावर ती काहीच बोलली नाही, फक्त तिन्ही चित्रं एकाखाली एक लावून पाहत राहिली.

उरला तो ऑडिओचा कप्पा. सॅम्पल रेट दोन्हीकडे ४८०००, ठीक. त्याखाली लेटन्सीचा, म्हणजे आवाज किती वेळ साठवून पुढे सोडायचा त्याचा, छोटा चौकोन. त्यात १० मिलिसेकंद. मी १०० ठेवले होते. रेडिओ चालू असताना हा कप्पा फिक्का पडतो, बदलता येत नाही, म्हणून फेरीच्या गडबडीत तिकडे नजरच जात नाही. चौकशी केल्यावर कळलं की महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक समितीच्या भेटीआधी एका तरुण प्राध्यापकांनी तो बदलला होता. टेबलावरच्या एफएम रेडिओपेक्षा संगणकावरचा आवाज मागे पडत होता, तो जुळवून दाखवायचा होता. गाण्यासाठी १० चाललं. पण एवढ्या लहान बफरवर, म्हणजे आवाजाच्या साठ्यावर, अँटिव्हायरसने मध्येच डोकं वर काढलं की आवाज वेळेवर पोचत नाही, फट पडते. १०० केलं, तीच फाईल लावली. किनारा वरपासून खालपर्यंत सलग आला.

सामायिक संगणकावर सेटिंग बदलताना शेजारच्या वहीत दोन शब्द लिहायची पद्धत आमच्याकडे आहे. पाळत कोणी नाही, आणि राबतात विद्यार्थी.

मी ती तीन चित्रं आणि चौथं सलग चित्र घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे पाहिलं, मान्यही केलं. पण हार्डवेअरचे अंतर्गत गुण त्याआधीच्या आठवड्यात विद्यापीठाकडे गेले होते. "आता पत्रक परत मागवणं अवघड आहे," ते म्हणाले. मी आणखी एकदा विनंती करायला हवी होती. लॅब असिस्टंटने गुणांविषयी किती बोलावं, या विचारात मी दार ओढून बाहेर आलो.

१३ ऑगस्ट २०२५ला नोआ-१९ कायमचा बंद झाला. नव्या मुलांना मी मेटिओर उपग्रह सॅटडंप नावाच्या प्रोग्रॅमवर लावून देतो. त्यात डोंगलपासून चित्रापर्यंत आवाजाची वाटच नाही, सगळं डिजिटल. तरी दीड जीबीची ती फाईल मी जपून ठेवली आहे. तिचा तिसरा अँटेनाही गच्चीवर तसाच आहे. गेल्या पावसाळ्यानंतर मी त्याचे सांधे तपासले. एकही सुटलेला नव्हता.