तंबोऱ्याचं टेबल: जोड आता हलत नाही

मंडळी, ठोकळे सरकवून-फिरवून वाजवायच्या माझ्या तंबोऱ्याच्या टेबलाचं काम मागच्या नोंदीत अर्ध्यावर होतं. पेटी झाली होती, ठोकळे झाले होते, पण सूर एका जागी ठरत नव्हता. आता ठरतोय. परवा संध्याकाळी आईने चारही ठोकळे मांडले, काळी चारला, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, तंबोरा लावला आणि यमन सुरू केला. वीस मिनिटं तिने एकाही ठोकळ्याला पुन्हा हात लावला नाही. खऱ्या तंबोऱ्यालासुद्धा ती मध्येमध्ये सूर बारीक जुळवणारे मणी सारते, त्यामुळे माझ्यासाठी ही फार मोठी पावती आहे.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. ६० बाय ४५ सेंटिमीटरचा ॲक्रिलिकचा पत्रा, त्यावर ट्रेसिंग पेपर, खाली लाकडी पेटी. पेटीच्या तळाशी प्लेस्टेशन ३ चा जुना आय कॅमेरा वर तोंड करून बसवलाय. आतून इन्फ्रारेड दिव्यांचा, डोळ्यांना न दिसणारा ८५० नॅनोमीटरचा प्रकाश. चार लाकडी ठोकळे म्हणजे चार तारा: पंचम, दोन जोड (सारख्याच सा च्या मधल्या तारा), खरज (खालचा सा). प्रत्येकाच्या बुडाला एक चिन्ह चिकटवलंय. ठोकळा कुठे आहे आणि किती फिरला आहे हे रिॲक्टिव्हिजन नावाचं सॉफ्टवेअर ओळखतं, टुइओ या प्रोटोकॉलमधून ३३३३ पोर्टवर पाठवतं आणि प्युअर डेटा या आवाज घडवायच्या सॉफ्टवेअरमधला पॅच, म्हणजे मी जुळवलेला प्रोग्राम, त्यावरून तार वाजवतो. माउस नाही, कीबोर्ड नाही, पडदासुद्धा नाही.

रिॲक्टिव्हिजन हे बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात मार्टिन काल्टेनब्रुनर आणि रॉस बेन्सिना यांनी रिॲक्टेबल या टेबलावर ठोकळे मांडून वाजवायच्या वाद्यासाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर. त्या वाद्याचं काम २००३ मध्ये सुरू झालं आणि २००७ च्या दौऱ्यात गायिका ब्योर्कने ते मंचावर नेलं. वाद्य पुढे विकत मिळू लागलं, पण त्याचा डोळा, म्हणजे हे सॉफ्टवेअर, जीपीएल या खुल्या परवान्याखाली सगळ्यांसाठी खुलं राहिलं. माझं सगळं टेबल त्या एका निर्णयावर उभं आहे.

आधी शाईची गोष्ट, कारण त्यात माझे दोन आठवडे गेले. चिन्हं मी इंकजेट प्रिंटरवर छापली होती. डोळ्यांना काळीकुट्ट, कडा स्वच्छ. ठोकळे टेबलावर ठेवले तर कॅमेऱ्यात नुसते पांढरे चौकोन. मी दिवे बदलले, फोकस फिरवला, पेटीला आतून पांढऱ्या डिस्टेंपरचा आणखी एक हात दिला. शेवटी नुसता कागद कॅमेऱ्यासमोर धरला तेव्हा कळलं, की या शाईतून इन्फ्रारेड सरळ आरपार जातो. इंकजेटच्या बऱ्याच रंगशाया अशाच असतात. तीच पानं कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स करून आणली. टोनरमध्ये कार्बन असतो, तो इन्फ्रारेडलाही काळाच दिसतो. पहिल्या झटक्यात चारही ठोकळे ओळखले गेले. कुणी नव्याने सुरुवात करत असाल तर थेट झेरॉक्सच वापरा. कॅमेऱ्यापुढे मात्र उलटी गरज असते: दिसणारा प्रकाश अडवायचा आणि इन्फ्रारेड जाऊ द्यायचा. त्यासाठी कॅमेऱ्याच्या आतली इन्फ्रारेड अडवणारी काच काढली आणि आईबाबांच्या लग्नातल्या फोटोंच्या रोलच्या टोकाला उरलेला काळा तुकडा दुहेरी करून लावला. धुतलेल्या रंगीत फिल्मचं ते उजेड लागलेलं टोक नेमकं हेच काम करतं.

आता मुख्य दुखणं. तार दिसायला लागली, वाजायलाही लागली, पण आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "अरे, जोड डुलतोय." ठोकळ्याला कुणी हात लावत नव्हतं तरी त्याचा कोन एक-दोन अंशांनी थरथरत होता. तेव्हा मी ठोकळ्याची पूर्ण फेरी म्हणजे एक सप्तक असं ठेवलं होतं. सेंट हे सुरांमधल्या अंतराचं बारीक माप, सप्तकात १२००. १२०० सेंट भागिले ३६०, म्हणजे एका अंशाला सव्वातीन सेंटहून थोडे जास्त. काळी चारचा सा साधारण २०७.६५ हर्ट्झ. त्यावर दोन अंश हलले, की दोन जोडांमध्ये पाऊण हर्ट्झहून जास्त अंतर पडतं, म्हणजे सव्वा सेकंदाला आवाजाचा एक हेलकावा. दुसऱ्या एखाद्या वाद्यात ते कानाआड झालं असतं. तंबोऱ्यात दोन जोड एकजीव झाले नाहीत तर उरतं काय?

मी आधी सरासरी काढून थरथर दाबायचा प्रयत्न केला. थरथर कमी झाली, पण ठोकळा फिरवला की सूर मागून रेंगाळत यायला लागला. आईचा हात थांबायचा आणि सूर पुढे जायचा. तंबोरा असा लावताच येत नाही. हात आणि कान एकाच क्षणी बोलावे लागतात.

मग रिॲक्टिव्हिजनचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडला. लिबफिडट्रॅक नावाच्या फोल्डरात कोन कसा काढतात ते सापडलं, आणि मला ते इतकं आवडलं की सविस्तर लिहितो. ही चिन्हं अमीबासारखी वेडीवाकडी दिसतात, कारण त्यांची ओळख आकारात नसते. काळ्यात पांढरं किती, त्या पांढऱ्यात काळं किती, अशा एकात एक घरांच्या झाडावरून ती ओळखली जातात. कोन काढताना सगळ्या टोकाच्या ठिपक्यांचा मध्य घेतात, मग एकाच रंगाच्या ठिपक्यांचा मध्य घेतात. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाणारी रेघ जिकडे बघते, तो ठोकळ्याचा कोन. एवढं समजलं आणि कागदावर दोन बिंदू काढले, की दुखणं समोर दिसतं. रेघ आखूड असेल तर टोक केसभर सरकलं तरी कोन बराच फिरतो. माझ्या कॅमेऱ्यात ६० सेंटिमीटरला ६४० पिक्सेल, म्हणजे ५ सेंटिमीटरच्या चिन्हाला जेमतेम ५३ पिक्सेल. त्यातली रेघ किती लांब असणार?

उपाय सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच, लाकडात होता. सुताराकडून ७ सेंटिमीटरचे नवे ठोकळे करून घेतले, चिन्हं मोठी केली, आणि थरथर अर्ध्या अंशावर आली. सोर्स बंद असता तर मी अजून सरासरीचे आकडे बदलत बसलो असतो. आत डोकावता आलं म्हणून रंधा हातात घ्यायचं सुचलं. मला खुल्या सॉफ्टवेअरची ओढ आहे ती यासाठी. फुकट मिळतं हा त्यातला अगदी छोटा भाग.

दुसरी सुधारणा आईने सुचवली. ती म्हणाली, "खुंटीनेच सगळं कुठे लावतो आपण? खुंटीने जवळ आणायचं, मग मणी." खरंच की! आता ठोकळा टेबलाच्या कडेपासून पुढे-मागे सरकवला की सूर मोठ्या पावलांनी बदलतो, अर्ध्या-अर्ध्या सुराने. ती खुंटी. ठोकळा जागेवर फिरवला की पूर्ण फेरीत फक्त १०० सेंट. तो मणी. उरलेल्या अर्ध्या अंशाच्या थरथरीने आता मिनिटाला एखादा हेलकावा येईल, तोही कान देऊन बसलात तर.

एक चूक तुम्हीही कराल म्हणून सांगतो. टुइओत कोन शून्यापासून दोन पाय (२π) पर्यंत येतो. फेरी पूर्ण होताना तो ६.२८ वरून एकदम शून्यावर उडी मारतो आणि तार किंचाळते. कोन थेट वापरू नका. प्रत्येक वेळचा फरक घ्या, तो पायपेक्षा (π) मोठा आला तर एक फेरी वजा करा, उणे पायपेक्षा लहान आला तर एक फेरी मिळवा, आणि बेरीज धरत जा.

उन्हाचं काम राहिलंय. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की कॅमेरा आंधळा होतो, सध्या पडदा ओढून भागवतो.

आणि जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या आवाजातली ती गुंजणारी झणझण. माझी तार कार्प्लस-स्ट्राँग या संगणकावर तारेचा आवाज घडवायच्या पद्धतीची आहे, १९८३ ची, साधी आणि गोड, पण तिच्यात जवारी नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवलं होतं, की तार जिथे छेडतो तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद (न हलणारा) बिंदू असतो ते उपस्वर वाजायला नकोत, तरी तंबोऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात. कारण घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, बाक आणि तिच्यावरचा दोरा. मला पाचवा, बोटभर ठोकळा करायचाय. दोरा सारतात तसा तो मिलिमीटर-मिलिमीटरने सारायचा आणि आवाज उघडत जायला हवा. तार बाकदार घोडीला टेकते-सुटते ते प्युअर डेटात कुणी बांधलं असेल तर पॅच पाठवा. माझे पॅच, पेटीची मापं आणि चिन्हांची पानं मी जीपीएलखालीच ठेवली आहेत.