तुम्ही विचारलंत म्हणून: धर्म कोणी बदलला?

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी मी सुटीत आले की पहिल्या दोन दिवसांत हा प्रश्न येतोच. शेजारच्या काकू ओट्यावर बसून तूर निवडता निवडता विचारतात, "मंग तुमच्यात धर्म कोनं बदलला व?" बँकेत, एसटीत, लग्नाच्या पंगतीतही हेच विचारले जाते. उत्तर एका वाक्याचे आहे: कोणीही बदलला नाही. मी कुणब्याच्या हिंदू घरात वाढले, माझे पती बुलढाणा जिल्ह्यातल्या मुस्लिम कुटुंबातले आहेत, आम्ही दोघेही भारतीय नागरिक आहोत आणि 2022 साली, इंग्लंडमध्ये नोकरीला असताना, आम्ही तिथल्या नोंदणी कार्यालयात कायद्याने विवाह केला. पण एवढ्याने कोणाचे समाधान होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

काकूंच्या प्रश्नामागे इतिहास आहे. आपल्याकडे 1872 सालचा विशेष विवाह कायदा होता आणि हिंदू-मुस्लिम जोडप्याला त्याखाली लग्न करायचे असेल, तर आपण हिंदू नाही, मुस्लिम नाही, ख्रिस्ती नाही, असे दोघांनाही लिहून द्यावे लागे. म्हणजे लग्नासाठी धर्म नाकारावाच लागत होता. ही अट 1954 च्या विशेष विवाह कायद्याने गेली. त्याला सत्तर वर्षे होऊन गेली, तरी गावाच्या मनात जुनी अटच घर करून आहे. आजचा कायदा मुख्यतः चार गोष्टी पाहतो: दोघांपैकी कोणाचा आधीचा जोडीदार हयात नाही ना, दोघे संमती देण्याच्या मनःस्थितीत आहेत ना, मुलाला 21 आणि मुलीला 18 वर्षे पूर्ण आहेत ना, आणि दोघे कायद्याने निषिद्ध ठरवलेल्या नात्यात नाहीत ना. या चारांत धर्म नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठी 1969 चा विदेशी विवाह कायदा आहे, त्यातल्या अटीही याच आहेत.

"मग गावीच का नाही केले?" असे माझ्या चुलत भावाने विचारले होते. खरे सांगायचे तर मला भीती वाटली. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायची तर दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात सलग 30 दिवस राहिलेले असावे लागते, ती नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशा जागी लावली जाते, आणि पुढचे 30 दिवस कोणीही हरकत घेऊ शकते. मी परिचारिका, दोन महिन्यांची रजा मला कोण देणार? आणि त्या फलकावरचे माझे नाव वाचून एखाद्या अनोळखी माणसाने आमच्या घरी जावे, बाबा शेतातून येऊन पाय धूत असताना त्यांना चारचौघांत जाब विचारावा, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

नोटीस इंग्लंडमध्येही चुकत नाही, तिथे ती 28 दिवस लागते. आम्ही दोघेही कामाच्या व्हिसावर असल्यामुळे आम्हाला ठरवून दिलेल्या कार्यालयात एकत्र जावे लागले, आणि तिथले गृहखाते ही मुदत 70 दिवसांपर्यंत वाढवू शकते, हेही आधीच सांगण्यात आले. तिथल्या अधिकारी बाईंनी आम्हाला वेगवेगळे बसवून एकमेकांची जन्मतारीख, व्यवसाय आणि पत्ता विचारला. नाव, वय, राष्ट्रीयत्व, पूर्वी विवाह झाला होता का, हे सगळे अर्जात होते. धर्माचा रकाना मी शोधत होते, तो नव्हताच. नोंदणी कार्यालयातल्या विवाहात कोणताही धार्मिक विधी करता येत नाही, त्यामुळे मंगलाष्टके नाहीत आणि कुराणातल्या आयतीही नाहीत. आमच्या विवाहात कोणताही कायदेशीर अडथळा आमच्या माहितीत नाही, हे दोन साक्षीदारांसमोर मोठ्याने म्हणायचे आणि एकमेकांचा स्वीकार करायचा, एवढेच.

त्या दिवसातली एक गोष्ट मात्र मला थोडी थांबून सांगायची आहे. सही करण्याच्या कागदावर दोघांच्याही आईवडिलांची नावे आणि व्यवसाय असतात. इंग्लंडमध्ये 1837 पासून विवाहाच्या नोंदीत फक्त वडिलांचेच नाव लिहीत. आईचे नाव मे 2021 पासून येऊ लागले. अधिकाऱ्यांनी मला विचारले, आईचा व्यवसाय काय? माझी आई खारपाणपट्ट्यातल्या त्या काळ्या रानात गेली तीस वर्षे निंदण करते, कापूस वेचते, हरभरा सोंगते, आणि कोणी विचारले की "मी घरीच असतो" म्हणते. मी "शेतकरी" असे लिहायला सांगितले. वडिलांच्या पुढेही तेच, आईच्या पुढेही तेच. पुढच्या दिवाळीत मी तो दाखला घरी नेला तेव्हा आईला इंग्रजी वाचता येईना, म्हणून तिचे बोट धरून मी त्या अक्षरांवर ठेवले. "माह्यं नाव बी टाकलं काय व?" एवढेच ती बोलली, आणि बराच वेळ तिने बोट उचलले नाही.

बाबांचा प्रश्न निराळा होता. "मांडवात नाही, मंदिरात नाही, मंग हे लगन इकडं चालते का?" हा प्रश्न धर्माच्या प्रश्नापेक्षा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. विदेशी विवाह कायद्याच्या कलम 17 नुसार, परदेशात तिथल्या कायद्याने झालेला विवाह, दोघांपैकी एक जरी भारतीय नागरिक असला तरी, आपल्या दूतावासातल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोंदवता येतो, आणि अशी नोंद झाली की तो विवाह याच कायद्याखाली लागल्यासारखा मानला जातो. याउलट ज्या मार्गाला लोक सोपा समजतात, म्हणजे देवळात हार घालून मोकळे होणे, तोच आमच्यासारख्यांना बुडवणारा आहे. हिंदू विवाह कायदा दोन हिंदूंमधल्याच विवाहाला लागू होतो. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती यांनी त्या कायद्याखाली केलेला विवाह सर्वोच्च न्यायालयाने शून्य ठरवला आहे. सासूबाईंची इच्छा निकाहाची होती. त्यासाठी मला कलमा पढून इस्लाम स्वीकारावा लागला असता आणि ते मी मनापासून करू शकत नव्हते, हे माझ्या पतींनीच त्यांना समजावले. सासूबाई वर्षभर नीट बोलल्या नाहीत. आता रमजानात शीरखुर्म्याचा डबा माझ्या नावाने भरून ठेवतात.

शेताचा विषय मोठ्या बाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावांनी, काढला. आमचे खाते सामायिक आहे. "सातबाऱ्यावर आता तुह्या नवऱ्याचं नाव चढते का?" असे त्यांनी सरळच विचारले आणि मला ते आवडले, कारण मनात ठेवून कुढण्यापेक्षा हे बरे. लग्नाने नवऱ्याचे नाव सातबाऱ्यावर चढत नाही. विशेष विवाह कायद्याची परिणामांविषयीची कलमे परदेशातल्या अशा विवाहांनाही लागू होतात, आणि त्यांतले कलम 19 सांगते की एकत्र कुटुंबातला हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन सदस्य अन्य धर्मीयाशी असा विवाह करतो तेव्हा तो कुटुंबातून विभक्त झाला असे मानले जाते. विभक्त होणे म्हणजे हिस्सा गमावणे नव्हे. लगेच पुढचे कलम 20 वारसाहक्क शाबूत ठेवते आणि त्यासाठी थेट 1850 च्या एका कायद्याचा आधार घेते, ज्याने धर्म सुटला किंवा जातीबाहेर टाकले म्हणून वारसा हिरावण्याला बंदी केली होती. माझा हिस्सा माझाच आहे. माझ्या पश्चात मात्र तो 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, म्हणजे पती आणि मुले यांच्याकडे जाईल, हेही मी त्यांच्यापासून लपवले नाही. ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनीच शेतात आंब्याखाली रोडग्यांचा स्वयंपाक मांडायला सांगितला आणि माझ्या पतींना आपल्या शेजारी जेवायला बसवले.

गेल्या दिवाळीत बाजूच्या गावची एक मुलगी मला भेटायला आली. तिलाही परदेशात नोकरी लागली आहे आणि तिचा होणारा जोडीदार ख्रिस्ती आहे. दोघांपैकी कोणी धर्म बदलायचा, हे तिने विचारले नाही. कागद कोणते आणि किती दिवस आधी, हे विचारले. आम्ही ओट्यावर बसून वहीत लिहून काढले: दूतावासातच विवाह करायचा तर एकाचा तिथला 30 दिवसांचा रहिवास आणि तीन साक्षीदार लागतील, स्थानिक कायद्याने करायचा तर आधी त्या देशाचे नियम पाहायचे, अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र मागितले जाण्याची शक्यता धरून ते इथूनच करून न्यायचे, आणि दाखल्याच्या दोन प्रमाणित प्रती काढून, तो देश अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का, देत असेल तर परतण्याआधीच तो मारून घ्यायचा, कारण तो दाखला देणाऱ्या देशाकडूनच मिळतो. आईने चहा आणला तेव्हा त्या मुलीने वहीच्या खाली आणखी एक ओळ लिहिली होती, आईचा व्यवसाय विचारतील, आणि पुढे तिने मोकळी जागा सोडली होती.