खाली १९, वर २९

पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत मी बीअर बनवतो. खरं सांगायचं तर दिवसभर टाक्या आणि पाइप धुतो, उरलेल्या वेळात बनवतो. नातेवाइकांना 'फूड कंपनीत आहे' एवढंच माहीत आहे.

मे महिन्यातला शुक्रवार होता. ५०० लिटर व्हीट बीअरचा (गव्हाच्या बीअरचा) वर्ट, म्हणजे यीस्ट टाकण्याआधीचं धान्याचं गोड पाणी, उकळून झाला होता. तो हीट एक्स्चेंजरमधून गार होत फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या टाकीत, जात होता आणि मी ऑफिसात एक्साइजचं रजिस्टर भरत बसलो होतो. मध्येच दोन मिनिटं वीज गेली. पंप पुन्हा चालू केला, पण वर्ट ज्याच्यामुळे गार होतो तो गच्चीवरचा चिलर ट्रिप झालाय हे कुणी बघितलंच नाही. गच्चीवर चढायचा कंटाळा सगळ्यांनाच, मलाही.

परत आलो तर हेल्पर यीस्टचा कॅन घेऊन उभा. "दादा, पॅनलवर १९ डिग्री आहे. सोडू का?"

सोड म्हणणारच होतो. सवयीने टाकीवर हात फिरवला. खाली गार, वर मात्र गारवाच नाही. पॅनलला तापमान कळवणारा प्रोब टाकीच्या खालच्या भागात आहे. आधी आलेला थंड वर्ट तळाशी बसला, नंतरचा गरम त्याच्यावर तरंगत राहिला. निर्जंतुक केलेला थर्मामीटर वरून सोडला, तर २९! मला हवे होते १७.

आता करायचं काय? गच्चीवरच्या टाकीचं पाणीच ३३ डिग्री, ते कुणाला गार करणार. चिलरवाला म्हणाला, रात्री येतो. सकाळपर्यंत थांबावं तर गोड, कोमट वर्ट म्हणजे हवेतल्या प्रत्येक जंतूला जेवणाचं आमंत्रण. पंपाने खालचा वर्ट वर फिरवून सगळा एकसारखा केला, तो २४ वर आला. ठरवलं, यीस्ट टाकायचं.

पण यीस्ट फ्रिजमधलं, ३ डिग्रीचं. ते थेट २४ मध्ये ओतलं की यीस्टला झटका बसू शकतो. म्हणून कॅनमध्ये आधी अर्धा लिटर वर्ट घातला, ढवळलं, दहा मिनिटं थांबलो, मग एक लिटर, मग दोन. पाऊण तास हेच. हेल्परला वाटलं दादा येडा झालाय. कॅन १८ वर आला, वर बारीक फेस दिसला, तेव्हा सोडलं.

चिलर रात्री अकराला चालू झाला. तोपर्यंत फेस ब्लो-ऑफच्या, म्हणजे टाकीतला गॅस बाहेर सोडणाऱ्या, नळीतून बादलीत यायला लागला होता. गरम सुरुवातीला यीस्ट असंच सुटतं, आणि स्वतःची उष्णताही वाढवतं.

दोन आठवड्यांनी बीअर नळावर लागली. गरम सुरुवातीमुळे केळ्याचा वास एवढा की शिकरणच. लवंगेची झाक, जिच्यासाठी मी हे यीस्ट वापरतो, कुठेच नाही. मागे किंचित नेलपॉलिशचा वास येतो, तो फक्त मला. गिऱ्हाईक खूश! पुण्यात व्हीट बीअर म्हणजे केळं, बाकी कुणाला पडलेली नाही. शनिवार-रविवारी बॅच संपत आली. मालक म्हणाले, "दर वेळी अशीच बनव."

मी टाकीच्या वरच्या भागात दुसरा प्रोब मागितला. ते म्हणाले, "एवढी चांगली झाली, मग कशाला?" उत्तर द्यायला माझ्याकडे नेलपॉलिश सोडून काही नव्हतं.

लॉगबुकात पिचिंगच्या, म्हणजे यीस्ट टाकतानाच्या तापमानाच्या, रकान्यात २४ लिहिलंय. हेल्पर हल्ली पॅनल बघण्याआधी टाकीवर हात फिरवतो.