ताणा, बाणा आणि लाकूड

आज दिवसभर एका नव्या लाकडी सभागृहात हातमागावर विणलेले लोकरीचे पडदे भिंतींवर लावत होतो. सीएलटीच्या (क्रॉस-लॅमिनेटेड टिंबर, म्हणजे थर चिकटवून केलेलं बांधकामाचं लाकूड) फळीची कड पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. एक थर उभा, पुढचा आडवा, काटकोनात चिकटवलेले. ताणा-बाणाच की हा! भिंतीचं मूळ विणकामात आहे, असं जर्मन वास्तुविशारद गॉटफ्रीड सेम्परनं १८५१ मध्येच मांडलं होतं.

सकाळी टाळी वाजवली तर आवाज घुमत होता. पडदे लागल्यावर तीच टाळी मऊ झाली. किती छान वाटलं!

एक पडदा मात्र चारही बाजूंनी घट्ट ठोकला होता. विणकर मावशी काठावर बोट फिरवत म्हणाल्या, "एवढा ताण नको रे, काठ ओढला जाईल." खरंच होतं. दमट हवेत लाकूड फुगतं, लोकरही ओल शोषते. सगळे खिळे काढले, फक्त वरची पट्टी ठेवली.